पाने मोजली, नावे राहून गेली

गेल्या महिन्यात एका आढावा बैठकीत बसलो होतो. विषय होता निरनिराळ्या राज्यांतील जुन्या ग्रंथालयांमधल्या दुर्मीळ संग्रहांचे डिजिटायझेशन. पडद्यावर राज्यवार तक्ता होता आणि प्रगती दाखवणारा रकाना एकच होता : आजवर स्कॅन झालेली पाने. आकडे मोठे होते आणि सर्वजण समाधानी दिसत होते. मी विचारले, "यांपैकी किती पानांवर काय लिहिले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे?" प्रश्न थोडा आगाऊपणाचा वाटला असावा. अध्यक्षस्थानी असलेले अधिकारी सौम्यपणे म्हणाले की, सूचीचे काम पुढच्या टप्प्यात घ्यायचे आहे.

हा पुढचा टप्पा माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. एके काळी तो मी माझ्या हाताने खोडला होता.

गोष्ट साधारण बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका मंत्रालयाच्या वित्त विभागात होतो. अनुदानाचे प्रस्ताव तपासून त्यांवर शेरा देणे हे माझे काम. माळव्यातील एका शहरातल्या जुन्या मराठी ग्रंथालयाचा प्रस्ताव राज्य सरकारमार्फत आमच्याकडे आला. संस्थानी काळात नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कारकून-शिक्षकांनी वर्गणी काढून उभे केलेले हे ग्रंथालय. छापील पुस्तकांबरोबरच त्यांच्याकडे शहरातल्या जुन्या घराण्यांनी देऊन टाकलेले मोडी कागदांचे रुमाल होते. प्रस्तावात तीन बाबी होत्या : स्कॅनिंग, संगणक व साठवणूक, आणि तिसरी, दोन मोडी वाचकांचे तीन वर्षांचे मानधन. रक्कम किरकोळ होती. एकूण मागणीच्या मानाने तर नगण्यच.

योजना होती भांडवली मालमत्ता निर्माण करण्यासाठीच्या अनुदानाची. ज्यांनी सरकारी अंदाजपत्रक जवळून पाहिले आहे त्यांना 'उद्दिष्ट शीर्ष ३५' म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की, या शीर्षाखाली यंत्र घेता येते, इमारत बांधता येते, कंत्राटदाराकडून पाने स्कॅन करून घेता येतात; माणसाला दरमहा काही देता येत नाही. त्यासाठी दुसरे शीर्ष लागते, आणि त्या शीर्षात त्या वर्षी तरतूद नव्हती. मी तिसऱ्या बाबीवर रेघ मारली आणि समासात लिहिले, 'आवर्ती स्वरूपाचे दायित्व, अनुज्ञेय नाही.' शेरा नियमानुसार होता. त्याबद्दल मला कोणी बोल लावला नाही, आजही लावणार नाही.

पुढे वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या कामासाठी त्या शहरात जाणे झाले, तेव्हा सवड काढून ग्रंथालयात गेलो. चिटणिसांनी मोठ्या अगत्याने स्वागत केले आणि कपाटातून कापडात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढून दाखवली. मूळ कागद जसे रुमालात बांधलेले असत, तशीच ही डिस्कही रुमालात बांधलेली होती! संगणकावर उघडली. आत रुमालांच्या क्रमांकांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात ०००१ पासून पुढे ओळीने प्रतिमा. छायाचित्रे सुरेख आली होती. लाखाच्या वर पाने होती, दराप्रमाणे पैसे चुकते झाले होते आणि उपयोगिता प्रमाणपत्र, तेव्हाच्या भाषेत जी.एफ.आर. १९-अ, वेळेवर दिल्लीला पोचले होते. मी एक प्रतिमा उघडली आणि विचारले, हे काय आहे? चिटणीस म्हणाले, "ते गुरुजींना विचारावं लागेल."

गुरुजी म्हणजे तिथले निवृत्त शाळामास्तर, वय ऐंशीच्या घरात. वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचत बसले होते, ते उठून आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि आधी म्हणाले, "साहेब, हे उलटं लावलंय." खरोखरच पान उलटे स्कॅन झाले होते, आणि ते ना स्कॅन करणाऱ्याच्या लक्षात आले होते, ना तपासणाऱ्याच्या, ना माझ्या. पान सरळ केल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अर्ध्या मिनिटात सांगितले : एका विहिरीच्या दुरुस्तीचा हिशेब आहे, बेलदारांची नावे आहेत, कोणाला किती दिवसांची मजुरी दिली ते आहे, आणि शेवटी 'सन इसन्ने सबैन मया व अलफ' असा काळ आहे. मी विचारले, म्हणजे कधीचा? ते म्हणाले, "इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. अकराशे बहात्तर शुहूर. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवा."

म्हणजे इ. स. १७७१. अडीचशे वर्षांपूर्वी त्या शहरात विहीर उपसणाऱ्या मजुरांची नावे माझ्यासमोर होती, आणि ती वाचू शकणारा त्या गावातला बहुधा अखेरचा माणूस माझ्या शेजारी उभा होता. ज्याच्या मानधनावर मी रेघ मारली होती, तो हाच. मी ते त्यांना सांगितले नाही. एवढे धैर्य झाले नाही.

या प्रसंगानंतर ग्रंथालयांच्या डिजिटायझेशनकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. कागदाचे छायाचित्र काढले की कागद वाचला, अशी आपली समजूत असते. 'वाचला' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि आपण एकावरच समाधान मानतो. ज्या प्रतिमेला नाव नाही, काळ नाही, कोणी कोणाला लिहिले याची एका ओळीची नोंद नाही, ती जगभर खुली केली तरी कोणाला सापडणार? शोधयंत्र शब्द शोधते. ०००१ ते ०४१२ या नावांत शब्दच नाहीत.

तंजावरचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ मध्ये ती संपली. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. संस्कृत आणि तमिळ ग्रंथांबरोबर तिथे मराठीची तीन हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडीतील राजदफ्तर. सरफोजीराजांनी स्वतःचा छापखाना चालवला, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देवनागरी ठशांनी मराठी पुस्तक छापले आणि 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाट्यकृतीत जगाचा भूगोल घातला. हा सर्व ठेवा आपल्यापर्यंत कसा पोचला? ग्रंथालय सुरक्षित राहिले, हे एक कारण झाले. दुसरे असे की, कोणीतरी बसून याद्या केल्या. संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची आर्थर बर्नेल यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. बर्नेल मद्रास सनदी सेवेतले, तंजावरला न्यायाधीश होते. म्हणजे आमच्याच बिरादरीतले. (न्यायदानातून त्यांना एवढी फुरसत कशी मिळाली, याचा विचार आजचा कोणताही जिल्हास्तरीय अधिकारी मत्सरानेच करील.) पुढे ग्रंथालयाने मराठी हस्तलिखितांच्याही वर्णनात्मक सूची छापल्या. त्यांतून मराठी वाचकांना कळले की, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणण्याच्या दीडशे वर्षे आधी, शहाजीराजांच्या दरबारात, कावेरीकाठी मराठी नाटके लिहिली जात होती. मराठी नाटकाच्या इतिहासाचे पहिले पान त्यामुळे बदलले. ही किमया कॅमेऱ्याची नव्हती. ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा, पत्रसंख्या, आरंभ आणि शेवट अशा कोरड्या नोंदी करणाऱ्या माणसांची होती.

मोडी दफ्तराची कथा वेगळी आहे. तमिळनाडूतील अभ्यासकाला तंजावरचा इतिहास हवा आहे, पण कागद मोडीत आणि मराठीत. मराठी अभ्यासकाला मोडी येते, पण तो पुण्यात किंवा कोल्हापुरात. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने यांतील काही कागदांची तमिळ भाषांतरे खंडरूपाने प्रसिद्ध केली, ही मोठी गोष्ट. एका कागदासाठी दोन भाषा आणि दोन लिप्या जाणणारा माणूस लागतो, हे त्यामागच्या लोकांनी ओळखले होते. आमच्या अंदाजपत्रकाच्या शीर्षांनी ते अजून ओळखलेले नाही.

महाराष्ट्रातही वेगळे काही घडले नव्हते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल होते आणि ते वर्षानुवर्षे होतेच. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा त्या दफ्तराला वाचा फुटली. सरदेसायांनी सारे दफ्तर छापले नाही. ते अशक्य होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चाळले, निवडले आणि प्रत्येक कागदाला तारीख व मथळा दिला. आज पेशवाईवर लिहिणारा कोणीही आधी त्या खंडांकडे वळतो, आणि मग गरज पडली तर रुमालाकडे.

माझा विषय अर्थशास्त्र, म्हणून त्या अंगाने थोडे सांगतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली. कारखान्यात एका वस्तूला लागणारे श्रम वर्षागणिक घटतात. पण चौघा वादकांनी वाजवायच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी चार वादक आणि अर्धा तास लागत असेल, तर आजही तेवढेच लागतात. त्यामुळे अशी कामे इतरांच्या तुलनेत महाग होत जातात. स्कॅनिंग हे कारखान्यातले काम आहे, ते दर वर्षी स्वस्त होते. मोडी कागद वाचून त्याची नोंद करणे हे वादकाचे काम आहे, ते स्वस्त होणार नाही. पानामागे दर ठरवून, लक्ष्य देऊन योजना आखली की पैसा आपोआप पहिल्याकडे वाहतो, कारण तिथे रुपयाला जास्त 'काम' दिसते. यात कोणाचा भ्रष्टाचार नाही, कोणाचा आळसही नाही. आपण जे मोजतो तेच आपल्याला मिळते.

आणि खरे मूल्य नेमके दुसऱ्या कामात आहे. एकदा केलेली नोंद कोणी वापरल्याने संपत नाही; तंजावरच्या कागदाची नोंद बडोद्याच्या, बोस्टनच्या आणि बीडच्या वाचकाला एकाच वेळी उपयोगी पडते. खर्च एकदा, उपयोग अगणित. ज्या कामाचा लाभ सगळ्यांना मिळतो पण त्याची किंमत कोणा एकाकडून वसूल होत नाही, ते बाजार करीत नाही. त्यासाठीच सरकार असते, असे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. परीक्षा पास झाल्यावर आम्ही ते विसरतो.

देशपातळीवरचा मोठा अनुभवही जमेस धरला पाहिजे. २००० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभी राहिली आणि अनेक केंद्रांवर लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्या प्रकल्पाचे ऋण मी नाकारणार नाही. परप्रांतात आणि परदेशात राहणाऱ्या कित्येक मराठी माणसांनी जुनी मराठी पुस्तके आयुष्यात प्रथम पाहिली ती तिथेच. पण ज्यांनी तिथे शोध घेतला आहे त्यांना आठवत असेल : मराठी नावे रोमन लिपीत, प्रत्येक केंद्राची स्पेलिंगची तऱ्हा वेगळी, लेखकाच्या जागी कधी संपादक तर कधी प्रकाशक, मधली पाने गायब. पुस्तक आहे हे माहीत असूनही हाती लागत नसे. २०१७ च्या सुमारास ते मूळ संकेतस्थळ मिटले. पुस्तके आज मिळतात ती मुख्यतः इंटरनेट आर्काइव्हवर कोणी प्रती करून ठेवल्या म्हणून, आणि त्यांच्याबरोबर त्या चुकीच्या नोंदीही तशाच तिकडे गेल्या. पाया कच्चा असला की घर हलवले तरी भेग सोबत येते.

याच्या अगदी उलट उदाहरण चेन्नईत आहे. कोट्टैयूरच्या रोजा मुथय्या चेट्टियार या गृहस्थांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, नियतकालिके, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिकासुद्धा जमवल्या. १९९२ मध्ये ते वारले. १९९४ मध्ये शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, पण तो शिकागोला गेला नाही. त्यासाठी चेन्नईत ग्रंथालय उभे राहिले आणि तिथल्याच माणसांकडून सूचीचे व सूक्ष्मपटांचे काम सुरू झाले. एका खासगी माणसाचा संग्रह आज तमिळ समाजाच्या इतिहासाचे मोठे साधन झाला आहे. संग्रह जिथला तिथे राहावा, त्याची भाषा जाणणाऱ्यांनी त्याची नोंद करावी आणि नोंद सर्वांना खुली असावी, एवढाच तो मार्ग आहे.

ग्रंथ लोकांपर्यंत नेण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही, हे मला इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या कुलूपबंद पेट्या खेडोपाडी फिरत. पैशाची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती : गावाने जेवढी वर्गणी जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. १९३१ मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीला बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले, त्यामागे एस. आर. रंगनाथन यांची प्रेरणा होती. ही बैलगाडी आणि आजचे संकेतस्थळ यांच्यात जातीचा फरक नाही. पण बैलगाडीत पुस्तके भरताना कोणते पुस्तक कोणत्या गावाला लागेल हे रंगनाथनांच्या माणसांना ठाऊक असे. त्यांनी नुसती पाने मोजून गाडी हाकली नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालये राज्यसूचीत येतात. केंद्राने दिल्लीत बसून एकच नमुना सर्वांवर लादण्याचे कारण नाही आणि त्यात शहाणपणही नाही. तमिळनाडूने स्वतःचे तमिळ डिजिटल ग्रंथालय उभे केले. पश्चिम बंगालने सार्वजनिक ग्रंथालयांतील जुनी बंगाली पुस्तके महाजालावर आणली. दोन्हींत उणिवा असतील, पण त्यांच्या नोंदी त्या त्या भाषा जाणणाऱ्या माणसांच्या हातून होऊ शकतात. अडचण आहे ती आपल्यासारख्यांच्या संग्रहांची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, सागर, हैदराबाद, तंजावर येथील मराठी कागद भौगोलिक दृष्ट्या एका राज्याचे आणि भाषेने दुसऱ्या राज्याचे. पहिले राज्य म्हणते, ही आमची भाषा नाही. दुसरे म्हणते, हा आमचा प्रदेश नाही. दोघांचेही म्हणणे नियमाला धरूनच असते. केंद्राची जागा खरी इथे आहे, आणि ती स्कॅनर विकत घेऊन देण्याची नाही. एका राज्यातील वाचक दुसऱ्या राज्यातील ग्रंथालयात तीन वर्षे बसेल आणि त्याचे मानधन वेळेवर मिळेल, एवढी व्यवस्था केंद्राने करावी. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या हिश्शाबरोबर आपला हिस्सा घालून ग्रंथालयांना मदत करीत आले आहे. म्हणजे यंत्रणाही नव्याने उभारण्याची गरज नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. त्यात 'नोंदणी' हा शब्द आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. तो शब्द कोणत्या उद्दिष्ट शीर्षाखाली येतो, हे मात्र मी अजून शोधतो आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खोटे नाहीत. संग्रह सांभाळणाऱ्यांना वाटते की, सर्व काही महाजालावर गेले तर आपल्याकडे कोण येणार? पन्नास-साठ वर्षे उंदरांशी आणि वाळवीशी झगडून ज्यांनी कागद जपले त्यांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. तिला संकुचितपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. घराण्यांना वेगळी धास्ती असते. इनामाचा जुना कागद उघड झाला की भाऊबंदकीचा एखादा विझलेला निखारा पुन्हा फुलेल. मला वाटते, नोंद सर्वांना खुली आणि प्रतिमा मात्र घराण्याच्या संमतीनंतर खुली, अशी पायरी ठेवली तर बहुतेकांचे समाधान होईल. निदान कागद आहे आणि कुठे आहे एवढे तरी जगाला कळेल. छापील साहित्याचा प्रश्न जरा किचकट आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याकडील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मुभा दिली, पण ती सर्वांना वाचायला देणे ही पुढची गोष्ट. ग्रंथालयांतला खरा स्थानिक ठेवा असतो मराठी मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, बंद पडलेली साप्ताहिके. त्यांचा हक्कदार कोण, हे कोणालाच माहीत नसते. परवान्याची तरतूद कायद्यात आहे, पण १९५८ च्या गणेशोत्सव स्मरणिकेसाठी ती कोण पार पाडणार? अशा साहित्यापुरती सोपी वाट काढली पाहिजे.

तरुण सहकारी मला सांगतात, साहेब, आता कृत्रिम बुद्धिमत्ता वाचील सगळे. वाचू लागली आहे, हे खरे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे प्रारूप जाहीर केले. मी या प्रयत्नांचे स्वागतच करतो. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने वाचलेली पाने लागतात. एका बाजूला मोडी, दुसऱ्या बाजूला त्याचे अचूक देवनागरी. ती पाने कोण तयार करणार? मोडी लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे, प्रत्येक दरबाराचे संक्षेप वेगळे. पुण्याच्या कागदांवर शिकलेले यंत्र तंजावरच्या कागदापुढे अडखळणारच. यंत्र येईपर्यंत थांबू, असे म्हणणे म्हणजे यंत्राचा गुरूच घालवून बसणे होय.

या लेखाच्या निमित्ताने त्या माळव्यातल्या ग्रंथालयाच्या चिटणिसांना फोन केला. गुरुजी चार वर्षांपूर्वी गेले. डिस्क आहे, मध्ये एकदा उघडेना, तेव्हा कोणाच्या तरी मुलाने त्यातला मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून दिला. मग चिटणीस म्हणाले की, गुरुजींच्या मुलीने घर आवरताना सापडलेल्या पाच शालेय वह्या ग्रंथालयाला आणून दिल्या आहेत. माझ्या त्या भेटीनंतर गुरुजी दुपारच्या वेळी येऊन एकेक रुमाल सोडत आणि प्रत्येक कागदाची एक ओळ वहीत लिहीत. काळ, कोणाकडून, कोणास, कशाबद्दल. मानधन कोणी दिले नव्हते आणि त्यांनी मागितलेही नव्हते.

किती रुमाल झाले, असे मी विचारले. "सत्तेचाळीस," ते म्हणाले. एकूण रुमाल तीनशेच्या वर आहेत. वह्या शाईच्या असल्याने ओल लागू नये म्हणून त्यांनी त्या डिस्कच्याच कपाटात ठेवल्या आहेत. त्या आधी टंकित करून घ्या आणि प्रत्येक ओळ त्या त्या प्रतिमेच्या क्रमांकाला जोडा, असे मी सुचवले. ते म्हणाले, करणारी एक मुलगी आहे, बी.ए. झालेली, तिने मोडीचा वर्गही केला आहे, हुशार आहे. पण तिला महिन्याला काय द्यायचे आणि कुठून द्यायचे? मी त्यांना नवा प्रस्ताव पाठवायला सांगितले आहे. त्यातली पहिलीच बाब मानधनाची असावी, असेही सांगितले आहे. आता मी त्या विभागात नाही. तिथे आज जे बसतात त्यांच्याशी मात्र माझी ओळख आहे.